निळ्या पेनाची वर्तुळं

हेल्वे दवाखान्यात आली तेव्हा अंगावर काहीच नव्हतं.
नितळ मनगट, नितळ पोटऱ्या,
आणि त्यांवर बॉलपेनानं काढलेली निळी वर्तुळं.
मी मोजली, अकरा.
"यांच्या आत होतं," ती म्हणाली.
"बंदरावरून निघाले तेव्हा होतं.
तुमचं दार दिसलं आणि गेलं."

हियुमा बेटावर मी सव्वीस वर्षं सुया टोचते आहे.
न दिसणारी दुखणी घेऊन येतात माणसं,
पण त्यांच्या जागेला कुंपण घालून
कुणी आलं नव्हतं.

आई म्हणाली, अंडी सोड. सोडली.
शेजारीण म्हणाली, साबण बदल. बदलला.
हेरिंग भरायच्या शेडमधला मुकादम म्हणाला,
नाटकं.
स्ट्रॉबेरी, गोधडी, मांजर,
एकेक करून सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता.

मी विचारलं, खाजतं की दुखतं?
"आधी मुंग्या. मग खाज. मग नुसती आग."
कडा?
"उठलेल्या. मधे फिकट.
बोट दाबलं की पांढरं होतं, सोडलं की परत लाल."
किती वेळ?
"तास. कधी तेवढाही नाही."
मागे डाग?
"काही ठेवून जात नाही. तेच तर."
आमच्या भाषेत या पित्ताला
कुंपणाकडेच्या आग्या पाल्याचं नाव आहे.
पाल्याला निदान हात लागावा लागतो.

काय खाल्लंस, ते विचारलं नाही.
कुठे होतीस, विचारलं.
ओल्या हातमोज्यात. धक्क्याच्या दगडावर, उघड्या पायांनी.
वाऱ्यात, सायकलवर.
ओठ कधी सुजले?
ती जरा थांबली. "एकदा. आइस्क्रीमनं."

लसींच्या फ्रीजमधून बर्फाचा खडा काढला,
पिशवीत घालून तिच्या हातावर आतल्या बाजूला ठेवला,
पाच मिनिटं.
आम्ही दोघी घड्याळाकडे बघत बसलो,
जशी बोटीची वाट बघतात.
खडा उचलला. ओला लालसर ठसा, बाकी काही नाही.
तिचा चेहरा पडला.
थांब, म्हटलं. त्वचेला ऊब येऊ दे.

आणि मग उठलं ते.
कडेकडेनं, पिठूळ रंगाचं, फुगीर,
बरोब्बर चौकोनी,
पोस्टाचं तिकीट चिकटवावं तसं.
ती हसली. चक्क मोठ्यानं हसली,
"बघा! बघा ना!"
खोटी ठरवलेली साक्ष खरी निघावी
तसं हसू.

मग थांबली.
"तैवोच्या हातांवर पण असंच यायचं."

तैवो. तिचा थोरला भाऊ.
चार वर्षांपूर्वीची जूनमधली शेकोट्यांची रात्र,
सगळी पोरं धक्क्यावरून उड्या मारत होती
आणि सगळ्यांत चांगला पोहणारा वर आला नाही.
लोक म्हणाले, प्यायलेला होता.
दोन बिअर.
स्ट्रेचरच्या पुढच्या दांड्याला मी होते.
त्याचे तळवे फुगलेले पाहिले होते,
पापण्याही,
आणि कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं:
पाण्यामुळे सूज.
पाण्यात तो चार मिनिटं होता.
चार मिनिटांत पाण्यानं माणूस फुगतो का,
हा प्रश्न
मी त्या रात्री विचारला नाही.

आताही मला ठाऊक नाही. कळणारही नाही.
हेल्वेला मी तेवढंच सांगितलं, जे सांगता येतं:
थंड पाण्यात एकदम उडी नाही.
एकटीनं पाण्यात नाही, गुडघाभरसुद्धा.
या गोळ्या. मोठ्या डॉक्टरांना ही चिठ्ठी.
श्वास अडला, घसा आवळला, डोकं हलकं झालं
तर पेन नको काढूस, फोन कर.

तिनं मान हलवली.
मग पिशवीतून तेच पेन काढलं,
चौकोनाभोवती रेघ ओढली,
आणि शेजारी वेळ लिहिली, एक वाजून दहा.

दोनच्या आत चौकोन गेला.
रेघ होती.